पडताळणी

पहिलं भूगावला, दुसरं धायरीत,
तिसऱ्याचा पत्ता म्हणजे येवलेवाडीची पाण्याची टाकी
आणि पुढे कुणालाही विचारा.
नावं सगळ्यांची उबेची, सावलीची, घरट्याची.
मी वहीत नुसतं एक, दोन, तीन लिहिलं.

एकमध्ये लिफ्ट होती. कारंजं होतं,
बंद, त्याच्या कठड्यावर कुणाचा तरी पायमोजा वाळत.
अनामत पाच लाख, परत मिळणार नाही,
डायपरचे वेगळे, रात्रीच्या माणसाचे वेगळे.
बाई सांगत होत्या आणि मी मान हलवत होते,
साडीच्या दुकानात परवडत नसताना
अजून दाखवा म्हणावं तशी.

दोनमध्ये न्हाणीघराची कडी बाहेरून होती.
विचारलं, तर म्हणाले, त्यांच्याच सोयीसाठी.
कॉटवरच्या एका आजींनी माझा हात धरला.
"वंदे, उशीर केलास."
मी वंदा नाही हे सांगायला
पाऊण तास बसले
आणि न सांगताच उठले.

रात्री होसूरहून शेखरचा फोन.
"ताई, तू बघ, तुला योग्य वाटेल ते."
किती अदबीनं म्हणतो हे.
त्याच्याकडे तिसरा मजला, अरुंद जिना, मुलीची दहावी.
माझ्याकडे काय, तो विचारत नाही.
मीही सांगत नाही
की परवा बाबा स्वारगेटला सापडले,
एका पायात चप्पल,
केळीवाल्याचा तराजू छातीशी धरून,
पंचनामा करायचाय म्हणत.

बाबा वजनमापे खात्यात होते.
चौतीस वर्षांत त्यांना चहा पाजायची
मंडईत कुणाची हिंमत झाली नाही.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच,
आतून पोखरलेलं अर्ध्या किलोचं वजन,
उभ्या उभ्या ओळखायचे.

तिसऱ्या ठिकाणी त्यांना बरोबर नेलं.
सांगितलं, तपासणी आहे.
त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला.
मापात पाप, ते माझं.

तिथे खास काही नव्हतं.
दोन खोल्या, आठ कॉट,
फिनेलच्या वासाखाली दुसरा वास,
फळ्यावर सोमवार मटकी, मंगळवार दुधी,
बुधवार पुसला गेलेला.
व्यवस्थापक रणपिसे अनामतीच्या विषयावर आले
तेवढ्यात बाबा दिसेनात.

स्वयंपाकघरात होते,
ओट्यावरच्या काट्यासमोर वाकून,
चष्मा कपाळावर.
"शून्यावर नाहीये."
रणपिसे हसले. मीही हसणार होते.
कणीक मळणाऱ्या बाईनं हात धुतले,
वरची थाळी पुसली, मागचा स्क्रू फिरवला
थोडा इकडे, थोडा तिकडे.
"आता बघा, साहेब."
बाबांनी बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.
मग खिशात शिक्का शोधत राहिले.

एवढ्यावरून ठरवतं का कुणी?
ती बाई, अलका लांडगे, उद्या हजार रुपये जास्त मिळाले
तर दुसरीकडे जाईल, जावंच तिनं.
न्हाणीघराची कडी आतून होती, तेही पाहिलं,
पण खरं सांगायचं तर
ते नंतर पाहिलं.

रिक्षात बाबा म्हणाले,
"नोटीस नको देऊस. गरीब दुकान आहे."
कात्रजच्या चौकात सिग्नल लागला.
"तुम्ही कुठल्या खात्यात?"
मला म्हणाले.

काल फॉर्म भरला.
रक्तगट, आजार, सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या,
दाखल करणाऱ्याचं नातं.
वजनाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
वर्षभरात त्यांना कुठल्या काट्यावर उभं केलेलं नाही.
रोज सकाळी न्हाणीतून उचलते, तेवढं.
एक्कावन्न लिहिलं.
किलोभर इकडेतिकडे असेल.